नाळ वारेऐवजी पडद्याला जोडलेली (व्हेलामेंटस कॉर्ड इन्सर्शन) – कुणाला माहिती आहे का?

शेवंती

नमस्कार. मला एकविसावा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळंतपण. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी नुकतीच झाली. बाळाचा मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय सगळं ठीक आहे असं लिहिलंय. पाणी पुरेसं, वाढ तारखेला धरून. फक्त वारेच्या रकान्यात असं आहे: 'वार मागच्या भिंतीवर, गर्भाशयमुखापासून दूर. नाळेची जोडणी व्हेलामेंटस. ३२ आठवड्यांना वाढ तपासावी.'

माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि 'नाळ वारेला थेट न लागता पडद्याला लागली आहे, आपण लक्ष ठेवू' म्हणाल्या. त्या वेळी मला विचारायला काही सुचलंच नाही. घरी येऊन वाचत बसले आणि घाबरले. एका ठिकाणी लिहिलंय की काहीच होत नाही, दुसरीकडे लिहिलंय की पाणमोट फुटताना बाळ काही मिनिटांत दगावू शकतं. एकाच गोष्टीबद्दल ही दोन्ही विधानं खरी कशी असतील?

बाळाला पोषण कमी पडेल का? सिझर करावंच लागेल का? मी पूर्ण झोपून राहायला हवं का? घरातल्या एकदोघांनी विचारलं की सुरुवातीला तू जड उचललंस, जिने चढलीस, त्यानं झालं असेल का. ते मनातून जात नाहीये. ज्यांना अनुभव आहे किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहा.

रानजाई

शेवंती, माझ्या धाकट्याच्या वेळी 'मार्जिनल' होतं, म्हणजे नाळ वारेच्या कडेला. तुझ्यापेक्षा सौम्य प्रकार. शेवटच्या महिन्यांत वाढीच्या सोनोग्राफी जास्तीच्या झाल्या, बाकी काही वेगळं केलं नाही. कळा आपोआप आल्या, नॉर्मल बाळंतपण झालं, बाळाचं वजनही चांगलं भरलं. व्हेलामेंटसचा मला अनुभव नाही, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही. 'रात्रपाळी' नावानं लिहिणाऱ्या सिस्टर इथे असतात, त्यांनी हे वाचलं तर नक्की लिहितील.

रात्रपाळी

शेवंती, वयानं बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. मी लेबर रूममध्ये नर्स आहे. बाळ झालं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात. माझं एक काम त्यानंतर सुरू होतं: वार ट्रेमध्ये घेऊन नीट तपासायची. तुझ्या रिपोर्टातली ती ओळ मी पुष्कळ वेळा हातात धरून पाहिली आहे, म्हणून आधी ती काय असते ते सांगते. डोळ्यांसमोर चित्र आलं की निम्मी भीती जाते आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागते.

दिवस भरलेली वार साधारण अर्धा किलोची, गोल आणि चपटी असते. तिची आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर करडी, चमकणारी. या गुळगुळीत बाजूला, बहुतेक वेळा मध्याच्या आसपास, नाळ लागलेली असते आणि तिथून रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या चहूकडे पसरतात. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, आणि त्यांच्याभोवती पांढरट, लवचिक, दाट जेली. सतराव्या शतकातल्या टॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरच्या नावावरून तिला व्हार्टन्स जेली म्हणतात. नाळ वळली, पिळली, बाळाच्या अंगाखाली आली तरी आतल्या वाहिन्या सहसा चेपत नाहीत त्या या जेलीमुळे.

नाळ वारेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या आत लागली असेल तर ती मार्जिनल. तुझ्याकडे ती वारेपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच पडद्यावर, म्हणजे पाणमोटीच्या पातळ आवरणावर टेकते, आणि जेली तिथेच संपते. पुढे वाहिन्या सुट्या होऊन पडद्याच्या थरांमधून वारेपर्यंत जातात. मी पडदा हातावर पसरून दिव्यासमोर धरते तेव्हा त्या लाल रेषा स्वच्छ दिसतात. आजूबाजूला कसलाही आधार नसतो, फक्त पडदा.

तू वाचलेली दोन्ही विधानं खरी कशी, ते इथे कळतं. या उघड्या वाहिन्या पडद्याच्या कुठल्या भागातून जातात यावर सगळं अवलंबून आहे. त्या वरच्या किंवा बाजूच्या भागात असतील, गर्भपिशवीच्या तोंडापासून लांब, तर पाणमोट खालून फुटते तेव्हा त्यांना धक्का लागण्याचा संभव फार कमी. बहुतेक बायकांमध्ये असंच असतं. पण त्या गर्भपिशवीच्या तोंडावरून किंवा अगदी जवळून जात असतील तर त्याला 'व्हासा प्रीव्हिया' म्हणतात. ही स्थिती दुर्मीळ आहे, साधारण अडीच हजार गरोदरपणांत एक. तिच्यात पाणमोट फुटताना वाहिनीही फाटू शकते, आणि वाहणारं रक्त आईचं नसतं, बाळाचं असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरपेक्षा थोडं जास्त रक्त. आईच्या दृष्टीनं ज्याला आपण 'थोडंसं गेलं' म्हणू, तेवढं बाळाला परवडत नाही. काही मिनिटांत घात होतो असं तू वाचलंस ते या स्थितीबद्दल.

आता यातली मोठी दिलाशाची गोष्ट. ही स्थिती बाळंतपणाआधी कळली तर बाळ वाचवता येतं. २००४ साली व्हासा प्रीव्हियाच्या १५५ गरोदरपणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं निदान आधी झालं होतं त्यांची ९७ टक्के बाळं वाचली, ज्यांचं झालं नव्हतं त्यांची ४४ टक्के. स्थिती तीच, कळा सुरू होण्याआधी कुणालातरी माहीत असणं एवढाच फरक. म्हणून तुझ्या रिपोर्टात 'व्हेलामेंटस' हा शब्द आला याचं मला वाईट वाटलं नाही. तो वेळेवर आला.

पण तुझा रिपोर्ट अर्धा आहे असं माझं मत. 'वार मुखापासून दूर' एवढं पुरत नाही. वार दूर असली तरी पडद्यातल्या वाहिन्या खाली उतरलेल्या असू शकतात. तू डॉक्टरांना एवढंच विचार: नाळ पडद्याला कुठे लागली आहे, आणि गर्भाशयमुखाजवळ बाळाची रक्तवाहिनी नाही हे योनीमार्गे केलेल्या कलर डॉप्लरनं (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं) पाहिलं आहे का? पाहिलं असेल तर रिपोर्टात लिहून घे. नसेल तर करून घे. आज धावत जायची गरज नाही, पण पुढच्या भेटीपर्यंत हे लांबवू नकोस.

दोषाचं सांगते, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारते आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत पाणी असतं. नाळ कुठे लागायची हे अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ठरतं, कित्येकदा पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात आलेलं असतं तेव्हा. वार जिथे रक्तपुरवठा चांगला मिळतो त्या बाजूला वाढत जाते आणि जिथे मिळत नाही तिथली झिजते. नाळेची मूळ जागा मात्र तीच राहते. एका बाजूची वार विरली की नाळ कडेला पडते, त्याहून जास्त विरली तर पडद्यावर. असं का होतं याचं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हे आहे. जिने, वजन, प्रवास, कुशीवर झोपणं यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्यांनी विचारलं त्यांना हा परिच्छेद वाचायला दे.

हे प्रमाण किती, तेही सांगते. नॉर्वेत बाळंतपणांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. १९९९ ते २००९ या काळातल्या सहा लाख चौतीस हजारांवर गरोदरपणांत मार्जिनल ६.३ टक्के आणि व्हेलामेंटस १.५ टक्के निघालं. म्हणजे शंभरातल्या एक-दोन जणी तुझ्यासारख्या. जुळ्यांत, टेस्ट ट्यूब उपचारानंतर, पहिलटकरणीत आणि वार खाली असेल तर प्रमाण वाढतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की अशा गरोदरपणांत दिवसांआधी बाळंतपण, रक्तदाब वाढून होणारा त्रास, वार आधीच सुटणं आणि बाळ दगावणं यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे मी झाकून ठेवणार नाही. पण जो धोका मुळात लहान आहे तो वाढूनही लहानच राहू शकतो. तुझ्यासारख्या बहुतेक जणी ठणठणीत बाळ घेऊन घरी जातात. लक्ष ठेवायचं ते उरलेल्यांना वेळेत ओळखता यावं म्हणून.

पोषणाचं म्हणशील तर, उघड्या वाहिन्यांवर बाळाचा दाब पडला की रक्त थोडं अडतं, आणि काही बाळांची वाढ मागे पडते. हे आईच्या जेवणानं भरून निघत नाही. मोजत राहावं लागतं. ३२ आठवड्यांची एकच सोनोग्राफी मला तुझ्या बाबतीत अपुरी वाटते. व्हेलामेंटससाठी साधारण २८ आठवड्यांपासून दर चार आठवड्यांनी वाढ बघणारे डॉक्टर मी जास्त पाहिले आहेत. पोटाचा घेर आणि अंदाजे वजन आधीच्या रेषेवरून खाली घसरतंय का, हे दोन-तीन मोजमापं शेजारी ठेवली तरच कळतं. यावर डॉक्टरांशी बोल.

झोपून राहू नकोस. त्यानं नाळ सरकत नाही, वाढ सुधारत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. चाल, काम कर, नेहमीसारखी राहा. २८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींकडे मन लावून लक्ष दे. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली की त्याच दिवशी तपासायला जा, सकाळची वाट बघू नकोस. अंगावरून लाल गेलं, दुखत असो वा नसो, तर लगेच निघ. आणि दारात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच सांग: माझी नाळ व्हेलामेंटस आहे.

सिझरचं उत्तर त्या डॉप्लरवर आहे. मुखाजवळ वाहिनी नसेल तर केवळ व्हेलामेंटस आहे म्हणून सिझर करत नाहीत. रिपोर्ट आला की लिही, पुढचं तेव्हा बोलू.

ध्वनिलहरी

मी सोनोग्राफीचा डॉक्टर आहे. सिस्टरांनी जे लिहिलंय त्याला माझी पूर्ण सहमती, तपासणीच्या बाजूनं थोडी भर घालतो.

नाळेची वारेकडची जोडणी पाहायला १८ ते २२ आठवडे ही उत्तम वेळ. पुढे बाळ मोठं होतं, आणि वार मागच्या भिंतीवर असेल तर बाळाची सावली नेमकी तिच्यावर पडते. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत ही जागा शक्य तेव्हा नोंदवावी असं आहे. प्रत्यक्षात घाईच्या दिवशी हा रकाना कोरा राहतो, याची मला मनापासून खंत वाटते. कलर डॉप्लर लावून नाळ शोधायला अनेकदा मिनिटभरही पुरतं.

शेवंती, योनीमार्गे डॉप्लर म्हणजे काय याची भीती बाळगू नका. बारीक प्रोब असतो, तो गर्भाशयमुखाला ढकलत नाही, बाळाला इजा होत नाही. आम्ही मुखाच्या आतल्या तोंडावर रंग टाकून बघतो. तिथे एखादी वाहिनी दिसली तर तिच्यावर स्पंदनांचा आलेख घेतो. धमनीचा वेग मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान, म्हणजे बाळाच्या ठोक्यांशी जुळणारा आला तर ती बाळाची. आईच्या नाडीशी जुळला तर ती गर्भपिशवीची. कधीकधी नाळेचाच एखादा वेढा तिथे येऊन बसलेला असतो आणि वाहिनीचा भास होतो. अशा वेळी आईला कूस बदलायला लावून पुन्हा पाहायचं. वेढा सरकतो, पडद्यातली वाहिनी जागची हलत नाही.

समजा तुमच्याकडे वाहिनी दिसलीच, तरी गोष्ट संपत नाही. गर्भपिशवीचा खालचा भाग वाढतो तशी ती वाहिनी मुखापासून दूर जाऊ शकते, आणि शंभरातल्या पंधरा-वीस जणींत पुढच्या तपासणीत धोका उरलेला नसतो. म्हणून ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहतात. तेव्हाही असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि कळा सुरू होण्याआधी ठरवून सिझर. ब्रिटनमधल्या सूचना ३४ ते ३६ आठवडे म्हणतात, अमेरिकेतल्या ३४ ते ३७. काही जणींना ३० ते ३४ आठवड्यांदरम्यान रुग्णालयात ठेवून घेतात, विशेषतः घर लांब असेल किंवा आधी कळा येऊन गेल्या असतील तर.

शेवंती

सिस्टर, डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमचे दोन्ही प्रतिसाद मी डॉक्टरांना दाखवले. त्या अजिबात रागावल्या नाहीत, उलट लगेच डॉप्लरला पाठवलं. रिपोर्टात आता लिहिलंय: 'नाळ पडद्याला गर्भपिशवीच्या वरच्या भागात, वारेच्या वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटरवर जोडलेली. आंतरमुखाच्या ५ सेंटिमीटर परिसरात बाळाची रक्तवाहिनी नाही.' वाढीच्या सोनोग्राफी २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना ठरल्या आहेत.

खूप हलकं वाटतंय. घरीही तो दोषाचा परिच्छेद वाचून दाखवला, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आता बाळंतपणाच्या वेळी काय, हे विचारायचंय. नॉर्मलसाठी थांबायचं तर कळांमध्ये बाळाला त्रास होईल का? आणि ती वार, ती नीट पडेल का? तुम्ही ट्रेबद्दल लिहिलंत तेव्हापासून तो विचार डोक्यात आहे.

रात्रपाळी

रिपोर्ट वाचून फार बरं वाटलं गं. वरच्या भागात आणि मुखाजवळ काही नाही, यापेक्षा चांगलं वाक्य तुझ्या बाबतीत लिहिता आलं नसतं.

कळांचं आधी. कळ आली की गर्भपिशवी आवळते, आणि जेली नसलेल्या वाहिन्या इतरांपेक्षा लवकर दबतात. दबल्या की बाळाचे ठोके खाली येतात, कळ ओसरली की परत वर येतात. पोटावर पट्टा बांधून ठोक्यांचा जो आलेख काढतात त्यावर हे उतार दिसतात. थोडे आले आणि बाळ पटकन सावरत असेल तर आम्ही आईची कूस बदलतो, कळा वाढवायचं औषध चालू असेल तर कमी करतो आणि बघत राहतो. उतार खोल होत गेले, परत यायला वेळ लागायला लागला, तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत. व्हेलामेंटसमध्ये ऐनवेळी सिझर करावं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं ते यामुळे. म्हणून तुझ्यासाठी माझा आग्रह असा: कळा नीट सुरू झाल्यापासून ठोक्यांचा पट्टा सलग लावलेला असावा, अधूनमधून कान लावून ऐकणं पुरेसं नाही. आणि जिथे मध्यरात्रीही लगेच सिझर होऊ शकतं, रक्त मिळू शकतं, अशाच ठिकाणी बाळंतपण ठरव. यात तडजोड नको.

पाणमोट मुद्दाम फोडायची वेळ आली तर फोडणाऱ्याला तुझी नाळ माहीत असली पाहिजे. तुझ्या डॉप्लरमुळे ते काम निर्धास्तपणे करता येईल, पण पाणी गेल्यावर त्याचा रंग आणि लगेचचे ठोके पाहायचे, हे आम्ही कुठल्याही आईच्या बाबतीत सोडत नाही.

आता वारेचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सगळं लिखाण बाळापाशी येऊन थांबतं. बाळ रडलं, म्हणजे झालं असं वाटतं. व्हेलामेंटसमध्ये पुढचा अर्धा तास आईचा असतो.

नेहमीच्या बाळंतपणात बाळ झाल्यावर गर्भपिशवी आवळायचं इंजेक्शन देतात, वार सुटल्याची लक्षणं दिसली की एक हात पोटावर ठेवून गर्भपिशवीला आधार देतात आणि दुसऱ्या हातानं नाळ हलक्या, सारख्या ओढीनं खाली घेतात. भक्कम नाळ ही ओढ सहन करते. तुझ्यात नाळ पडद्याला लागलेली. ओढ वारेवर न पडता पडद्यावर पडते, आणि पडदा फाटू शकतो.

मला एक बाळंतपण आठवतं. त्या आईच्या सोनोग्राफीत नाळेच्या जोडणीचा उल्लेखच नव्हता. बाळ छान झालं, जोरात रडलं. डॉक्टरांनी नाळ हातात घेतली, फार ओढलीही नव्हती, आणि म्हणाल्या, 'ही सैल लागतेय.' तिथेच हात थांबवला. नाळेचा जोड निम्मा सुटला होता. आम्ही वाट पाहिली, वार येईना, रक्त वाढायला लागलं. आईला भूल देऊन हात घालून वार काढावी लागली. भूलतज्ज्ञ बाजूच्याच खोलीत होते, रक्ताची सोय होती, त्यामुळे निभावलं. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर बाळ घेऊन बसली होती. मी त्या रात्री वार ट्रेमध्ये पसरली तेव्हा पडद्यात सुट्या वाहिन्या दिसल्या, आणि पहिल्या ओढीला नाळ सैल का लागली ते कळलं. हे आधी लिहिलेलं असतं तर सगळे पहिल्यापासून तयारीत असते.

नॉर्वेतल्या त्याच नोंदींमधून पुढे हेही दिसलं आहे की व्हेलामेंटसमध्ये वार हातानं काढावी लागणं आणि बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होणं यांचं प्रमाण जास्त असतं. तुला घाबरवायला सांगत नाहीये. तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एवढं लिहून ठेव: 'व्हेलामेंटस नाळ, वरच्या भागात. व्हासा प्रीव्हिया नाही. तिसऱ्या टप्प्यात (बाळ झाल्यापासून वार पडेपर्यंत) नाळ ओढताना जपावं.' लेबर रूममध्ये पाळी बदलते. तुझी डॉक्टर त्या क्षणी तिथे नसेल, सकाळच्या सिस्टर जाऊन रात्रीच्या येतील. कळांमध्ये तुला स्वतःला काही सांगायचं भान राहणार नाही. तुझ्यासोबत जो कुणी असेल त्याला हे तोंडपाठ करून दे.

हिमोग्लोबिन आत्तापासून चांगलं ठेव. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. रक्त गेलंच तर भरलेल्या अंगातून गेलेलं आणि रिकाम्या अंगातून गेलेलं यात फार फरक पडतो.

जोडगोळी

मधेच विचारते, माफ करा. मला जुळी आहेत, दोघांची वार एकच. एका बाळाची नाळ मध्यावर, दुसऱ्याची व्हेलामेंटस असं लिहिलंय. वरचं सगळं मलाही लागू आहे का?

ध्वनिलहरी

बरंचसं लागू आहे, पण तुमची गोष्ट एका पायरीनं वेगळी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एकच वार असलेल्या जुळ्यांत व्हेलामेंटस जोडणी एकेरी गरोदरपणापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळते. वार दोघांत वाटली जाते, आणि ज्याची नाळ पडद्याला किंवा कडेला लागली त्याच्या वाट्याला अनेकदा लहान हिस्सा येतो. त्यामुळे एक बाळ मागे पडण्याची शक्यता वाढते. एक वार असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी करायची असतेच. तुमच्या बाबतीत त्यातली एकही चुकवू नका. प्रत्येक वेळी दोघांच्या वजनातला फरक, दोघांचं पाणी, दोघांची मूत्राशयं आणि नाळेतल्या धमनीचा डॉप्लर लिहून घ्या. व्हासा प्रीव्हियाही जुळ्यांत जास्त दिसतं, म्हणून मुखाजवळचा डॉप्लर तुम्हीही करून घ्याच. शक्य असेल तर गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञांकडे नाव नोंदवा, दोन्ही नाळांच्या जागा त्यांना आधीच सांगा.

शेवंती

जोडगोळी, तुला खूप शुभेच्छा, इथे कळवत राहा.

सिस्टर, फाइलवर लिहिलं. सोबत येणाऱ्यांनी पाठही केलं. शेवटचं एक विचारते: बाळ झाल्यावर नाळ लगेच न कापता थोडं थांबतात असं ऐकलंय, त्यानं बाळाला रक्त मिळतं. माझ्यासारखीच्या बाबतीत ते करता येतं का? आणि ती वार मला बघायला मिळेल का?

रात्रपाळी

वाहिनी शाबूत असेल, बाळ रडतंय, रंग चांगला आहे, तर बहुतेक डॉक्टर निदान मिनिटभर थांबतात. जागतिक आरोग्य संघटनाही एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नये असंच सांगते. व्हेलामेंटस आहे एवढ्यानं त्याला आडकाठी येत नाही. फक्त बाळंतपणात लाल रक्त वाहिलं, वाहिनी फाटल्याचा संशय आला, किंवा बाळ मलूल असेल, तर नाळ ताबडतोब बांधतात, कारण तेव्हा थांबलं तर बाळाचं रक्त बाहेर जातं. हे त्या क्षणी समोर असलेल्या डॉक्टरांवर सोपव, पण तुझी इच्छा आधी सांगून ठेव.

वार बघायला मिळेल. आधी सांगितलंस तर कुठलीही सिस्टर दाखवेल. बघताना तिला दोन गोष्टी विचार: वार पूर्ण आली का, आणि नाळ कुठे, कशी जोडलेली होती. दुसरीचं उत्तर बाळंतपणाच्या कागदावर लिहून घे, सोनोग्राफीत दिसलं तसंच निघालं की वेगळं. पुढच्या वेळी दिवस राहिले तर तो कागद पहिल्याच भेटीला घेऊन जा. २८ आठवड्यांचं वजन आलं की इथे लिही, मी वाट बघते.